धरणाच्या वरच्या अंगाला काय वाचावं?

भोर किंवा नसरापूरकडे एखाद्या अभ्यासिकेत सकाळी डोकावलं, तर पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली मान खाली घालून बसलेली दिसतात. समोर प्रश्नसंच, चालू घडामोडींची मासिकं आणि लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक. ‘हल्लीची पोरं वाचत नाहीत’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ही मुलं दिवसाला जेवढी पानं वाचतात, तेवढी त्यांच्या घरात आजवर कुणी वाचली नसतील. फक्त त्या पानांमध्ये त्यांचं स्वतःचं गाव कुठे येत नाही. पानशेत धरण आंबी नदीवर आहे आणि ते १२ जुलै १९६१ रोजी फुटलं, एवढं त्यांना पाठ असतं. त्या धरणाच्या पाण्याखाली कोणाची खाचरं गेली आणि ती माणसं पुढे कुठे गेली, याला मार्क नसतात.

या मुलांनी, त्यांच्या शिक्षकांनी, गावात राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांनी परीक्षेपलीकडे काय वाचावं, हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. समाज आणि विचार या विषयांवरची मराठी पुस्तकं थोडी नाहीत आणि कुणाच्या दावणीला न बांधलेली नियतकालिकंही अजून टिकून आहेत. तरी ‘वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं’ छापाच्या याद्या इथे उपयोगाच्या नाहीत. त्या याद्या पुण्यात बसून केलेल्या असतात आणि वाचणाराही पुण्यातच आहे असं त्यांत धरलेलं असतं. मी कसोटी साधी ठेवली आहे. पुस्तक वाचून झाल्यावर समोरचा डोंगर, धरण, सातबारा, देऊळ किंवा घरातली बाई पूर्वीपेक्षा वेगळी दिसायला लागली, तर ते पुस्तक विचार करायला लावणारं.

या भागाची एक अडचण आधी सांगायला हवी. भोर आणि वेल्हे (सरकारी कागदावर आता राजगड तालुका) हे दोन्ही तालुके धरणांच्या वरच्या अंगाला आहेत. पानशेत-वरसगावचं पाणी पुण्याला जातं. भाटघर आणि नीरा-देवघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. पाऊस इथे पडतो, पीक खाली उभं राहतं. लिखाणाचंही तसंच झालं. या डोंगरांवर, इथल्या धनगरांवर, कातकऱ्यांवर, राया-देवळांवर, जात्यावरच्या गाण्यांवर अभ्यासकांनी भरपूर लिहिलं आणि त्यातलं काही जगभर गाजलं. मात्र लिहिलेलं वर परत आलं नाही. म्हणून शिफारशीची सुरुवात याच मातीतून निघालेल्या लिखाणापासून करतो.

पहिलं नाव माधव गाडगीळांचं. ‘सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र राजहंस प्रकाशनाने काढलं आहे. पश्चिम घाटाच्या २०११ च्या अहवालामुळे गाडगीळ हे नाव इथे अनेकांना माहीत आहे, आणि बऱ्याच जणांना ते ‘आपल्याला घर बांधू न देणारा माणूस’ असंच माहीत आहे. हा गैरसमज पुस्तक वाचूनच जाईल. हार्वर्डहून परतल्यावर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गाडगीळांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास हाती घेतला, आणि त्या अभ्यासात पानशेतच्या आसपासच्या खोऱ्यांना मोठी जागा आहे. धरणाच्या कामासाठी रस्ते झाले, त्याच रस्त्यांनी लाकूड आणि कोळसा बाहेर पडला, डोंगर उघडे झाले आणि उरली ती देवाच्या नावाने राखलेली राई, अशी त्यांची मांडणी आहे. पुढे मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत त्यांनी गवळी धनगरांचाही अभ्यास केला. कोणती जमात डोंगराच्या कोणत्या उंचीवर, कोणत्या चाऱ्यावर, कोणाच्या वाटेत न येता जगते, हा त्यातला प्रश्न. धनगरवाड्यावर वाढलेल्या मुलाने हे वाचलं, तर आपल्या आजोबांच्या जगण्याला एक शास्त्र होतं हे त्याला कळेल. पर्यावरण म्हणजे शहरी माणसाचा शौक, ही समजूतही राहणार नाही, कारण गाडगीळांचा सगळा भर स्थानिकांना विचारून ठरवा यावर आहे. त्यांच्या अहवालावरची चर्चा गावोगावच्या ग्रामसभांत व्हावी, असं अहवालातच म्हटलं होतं. आपल्याकडे ती अफवांवर झाली.

दुसरं काम एका पुस्तकात मावणारं नाही. गी पॉइटविन हे फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यात गरीब डोंगरी लोकांची संघटना बांधता बांधता बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हे काम राज्यभर पसरलं. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. पॉइटविन २००४ साली गेले. पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या इंटरनेटवर आणल्या. मूळ आवाज, मराठी शब्द, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव, सगळं तिथे फुकट वाचता-ऐकता येतं.

आढाव्यात ओव्या कशाला, असं कुणी विचारेल. या बायका जात्यापाशी बसून सासर, जात, रामायणातल्या सीतेवरचा अन्याय, भावाने न दिलेला वाटा, आंबेडकर, विठ्ठल, पाऊस या सगळ्यांवर मत देतात. त्यांनी शाळा पाहिलेली नाही, पण सीतेच्या वनवासाचा त्यांनी लावलेला अर्थ पुष्कळ पंडितांच्या अर्थाहून धीट आहे. मराठीतल्या स्त्रीविचाराची गोष्ट आपण ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’पासून सांगतो आणि ते योग्यच आहे. ताराबाईंचा तो छोटा निबंध आजही वाचणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. मात्र त्याच काळात आणि त्याच्याही कितीतरी आधी डोंगरातल्या घराघरांत पहाटे जो विचार चालला होता, त्याची नोंद या ओव्यांनी ठेवली. माझ्या मते, गावातल्या बचतगटाने महिन्यातून एकदा मोबाइलवर दहा ओव्या ऐकाव्यात आणि त्यावर बोलावं. ज्येष्ठ बायका तिथे शिक्षक होतील.

आता थोडं मागे. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली निघालं. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. वतनं, बलुतं-अलुतं, फिरस्ते, भिक्षेकरी, सावकार, सरकारी नोकराचा गावातला रुबाब हे सगळं त्यांनी इतकं बारकाईने टिपलं की तसा दुसरा ग्रंथ मराठीत शंभर वर्षांत झाला नाही. तरी ‘गावगाडा’ एकटं वाचू नये. आत्रे गावाकडे कचेरीच्या ओट्यावरून पाहतात. गावाच्या बाहेर ठेवलेला माणूस त्यांना दिसतो, त्याच्या डोळ्यांनी गाव मात्र दिसत नाही. त्यासाठी दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) लगोलग वाचायला हवं. ही दोन पुस्तकं एका पिशवीत घरी न्यावीत. एकाने गावाची रचना समजते, दुसऱ्याने त्या रचनेची किंमत कोणी मोजली ते समजतं. जोडीला बाबा आढाव यांचं ‘एक गाव एक पाणवठा’. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या विहिरींवर कोणाला पाणी भरू देतात, हे त्यांनी फिरून पाहिलं. ज्या तालुक्यांतून अर्ध्या जिल्ह्याला पाणी जातं, तिथल्या वाचकाने हे पुस्तक टाळू नये.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) बाहेर काढायला हवा. फुल्यांना आपण जयंतीच्या भाषणात अडकवून ठेवलं आहे. कात्रजच्या बोगद्याच्या कामाशी त्यांच्या कंत्राटदारीचा संबंध होता, म्हणजे भोरकडे येणाऱ्या जुन्या रस्त्याशीच. मजुरांची पिळवणूक आणि इंजिनिअरांचे खिसे त्यांनी जवळून पाहिले. ‘असूड’मध्ये ते पावसाचं पाणी आणि डोंगराची माती वाहून जाऊ नये म्हणून लहान लहान बंधारे घालायला सांगतात, आणि रिकाम्या पलटणी व पोलीस त्या कामाला लावा म्हणतात. पाणलोट विकासाच्या ज्या योजना आज तालुक्याच्या कचेरीत फाइलबंद होतात, त्यांचं मूळ तिथे आहे. फुल्यांचं समग्र वाङ्मय शासनाने अत्यंत स्वस्तात काढलं आहे आणि साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही पुष्कळ पुस्तकं मोफत मिळतात. पैशाची अडचण इथे नाही.

धरणग्रस्तांवर मराठीत जे लिहिलं गेलं, त्यात विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी सर्वांत जास्त पोहोचली. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुनर्वसनाच्या नावाखाली माणसं कशी हलवली जातात, मोबदला कोणाच्या हातून कोणाकडे जातो, गाव फुटतं कसं, याचं चित्र इथल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. तिच्या मागे जायचं असेल तर शेजारच्या मुळशीत जायचं. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्यातले एक पुढारी विनायकराव भुस्कुटे यांनी स्वतः त्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला. व्होरांचं वेगळेपण असं की ते पुढाऱ्यांपाशी थांबत नाहीत. पुण्याचे पुढारी, जमिनींचे सावकार-मालक आणि प्रत्यक्ष कसणारे मावळे यांचे हितसंबंध एक नव्हते, हे ते उघड मांडतात. आज फार्महाउससाठी जमिनी विकल्या जात असताना एजंट, मालक, कूळ आणि मजूर यांच्यात जे चालतं, ते समजून घ्यायला शंभर वर्षांपूर्वीचा हा हिशेब फार उपयोगी पडतो.

भाटघरसाठी असं पुस्तक नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वेळवंड खोऱ्यात कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, लोक फोटो काढायला जातात, वर्तमानपत्रात बातमी येते. देवळाभोवतीच्या गावाचं काय झालं, हे त्या बातमीत नसतं.

गडांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावरची पुस्तकं इथे घरोघर आहेत. तोरणा आणि राजगड ज्यांच्या अंगणातून दिसतात, त्यांना शिवाजी महाराजांवर काय वाचावं हे सांगण्याची गरज नाही, असं वाटू शकतं. मला गरज वाटते. राजगडाने पाव शतक राजधानी सांभाळली. त्या काळात शेतसारा कसा ठरत होता, वतनदारांना कसं वठणीवर आणलं गेलं, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात न लावण्याच्या हुकुमामागे कोणता विचार होता, हे गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही छोटी पुस्तिका (१९८८) सोप्या मराठीत सांगते. पानसरे कम्युनिस्ट होते आणि त्यांचा कल लपलेला नाही. म्हणून शरद जोशी यांचं ‘शेतकऱ्यांचा राजा शिवाजी’ सोबत वाचावं. जोशी कम्युनिस्टांचे कट्टर विरोधक, खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते. दोघेही तलवारीपेक्षा रयतेकडे आणि शेतसाऱ्याकडे बोट दाखवतात, पण निष्कर्ष निराळे काढतात. एकाच राजाविषयी दोन प्रामाणिक माणसं इतका वेगळा विचार करू शकतात, हे पाहण्यात तरुण वाचकाचं मोठं शिक्षण आहे.

देवधर्माचा प्रश्न या भागात नाजूक आहे. भोरहून आंबाडखिंडीने वाईला जाताना मांढरदेव लागतं. २५ जानेवारी २००५ रोजी काळुबाईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. नवसाला जाणाऱ्या माणसाची टिंगल करणारं पुस्तक हातात दिलं तर तो ते मिटून ठेवतो, आणि त्याचं बरोबर आहे. नरेंद्र दाभोलकर यांची ‘तिमिरातुनी तेजाकडे’, ‘विचार तर कराल?’ ही पुस्तकं टिंगल करत नाहीत. श्रद्धा कुठे संपते, शोषण कुठे सुरू होतं, कायदा काय करू शकतो आणि काय नाही, हे ते डॉक्टरी शांतपणाने समजावतात. रा. चिं. ढेरे दुसऱ्या वाटेने जातात. ढेरे अंदर मावळातल्या निगड्यात जन्मले, म्हणजे आपल्याच डोंगररांगेतले. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात त्यांनी विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. त्या ग्रंथाला १९८७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तो जड आहे, एका दमात वाचायचा नाही. तरी वारीला जाणाऱ्या माणसाने त्यातली काही प्रकरणं वाचली तर त्याची भक्ती कमी होत नाही, आणि जनावरं राखणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहण्याची नजर बदलते.

मिलिंद बोकीलांची दोन पुस्तकं या यादीत मी वरच्या जागी ठेवतो. ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ हे पहिलं. भोर-वेल्ह्यात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. आपण त्यांना वीटभट्टीवर, मासेमारीला, भातकापणीला पाहतो आणि पुढे जातो. काताचं काम गेलं, जंगल गेलं, कोळशाची मजुरी आली, मग भट्टी आली, हा प्रवास बोकील संयमाने सांगतात. दुसरं ‘गोष्ट मेंढा गावाची’. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगट चालवून, सर्वसहमतीने निर्णय घेऊन २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा कायदा इथे लागू नाही. वनहक्क कायदा मात्र लागू आहे, आणि त्यातल्या ग्रामसभेच्या अधिकारांची माहिती इथल्या किती सरपंचांना आहे, हा प्रश्न विचारावा लागतो. मेंढ्यात आधी वाचन आणि चर्चा झाली, मग हक्क मिळाला. विचाराच्या पुस्तकांनी पोट भरत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोनशे पानांच्या आतबाहेरचं पुस्तक जरूर वाचावं.

पुस्तकांपेक्षाही मला नियतकालिकांची काळजी जास्त आहे. पुस्तक लिहिणाऱ्याने बहुतेक वेळा आपलं उत्तर शोधून ठेवलेलं असतं. मासिकात प्रश्न अजून उघडा असतो. या अंकात कुणी एक बाजू मांडतो, पुढच्या अंकात वाचक त्याला खोडून काढतो, तिसऱ्यात दोघांनाही तिसराच कुणी समजावतो. माणूस विचार करायला शिकतो तो या येरझाऱ्यांतून. आणि मराठी समाजाची घडण अशाच अंकांनी केली. कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधु’ १८७७ चा, आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ चा, आंबेडकरांचा ‘मूकनायक’ १९२० चा आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ चा. त्याच १९२७ साली र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि संततिनियमनासारखा विषय खटले अंगावर घेत १९५३ पर्यंत लावून धरला. यांतल्या कुणाच्या मागे उद्योगपती नव्हता. वर्गणी थकायची, छापखान्याची बिलं राहायची, अंक उशिरा निघायचे.

भोर-वेल्ह्यासाठी यातलं सर्वांत जवळचं उदाहरण मुकुंदराव पाटलांचं आहे. ते भालेकरांचे चिरंजीव. १९१० साली त्यांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी साप्ताहिक सुरू केलं आणि ते निघायचं नगर जिल्ह्यातल्या तरवडी या खेड्यातून. रेल्वे नाही, वीज नाही. अशा ठिकाणी छापखाना उभा करून त्यांनी सावकारी, भटशाही, दारू, लग्नातले खर्च, शेतीचे भाव यांवर लिहिलं, आणि हे काम पन्नासहून जास्त वर्षं, १९६७ पर्यंत चाललं. ‘गावात राहून काय लिहिणार?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला, प्रत्येक पदवीधर मुलीला मी तरवडीचं नाव सांगतो. आज तरवडीपेक्षा आपण शंभर पटींनी जोडलेले आहोत. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहोत, हातात मोबाइल आहे, आणि दोन्ही तालुक्यांतून विचाराला वाहिलेला एकही अंक नियमित निघालेला माझ्या पाहण्यात नाही.

आज निघणाऱ्यांपैकी ‘साधना’ साप्ताहिक अर्थातच पहिलं. साने गुरुजींनी ते १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलं. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी विशेषांकात, अनिल अवचटांच्या संपादनाखाली, राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख छापून आला आणि महाराष्ट्र हादरला. समाजवादी परंपरेतल्या साप्ताहिकाने आपल्याच वाचकांना दुखवणारा दलित तरुणाचा लेख छापला, ही गोष्ट स्वतंत्र नियतकालिक म्हणजे काय हे कुठल्याही व्याख्येपेक्षा चांगलं सांगते. दाभोलकर १९९८ पासून २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून होईपर्यंत त्याचे संपादक होते. आजचा ‘साधना’ कधी कधी फार सभ्य वाटतो, लेख लांबतात. पण त्यांचा बालकुमार दिवाळी अंक जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत असावा इतका चांगला असतो.

‘मिळून साऱ्याजणी’ विद्या बाळ यांनी १९८९ साली पुण्यातून सुरू केलं. स्वतःशी नव्याने संवाद ही त्याची वृत्ती. शहरी, शिकलेल्या बाईचा आवाज त्यात जास्त आहे, हे खरं. तरी गावातल्या आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षिका यांना ते वाचायला दिलं तर त्या त्यातल्या लेखांवर वाद घालतात, हे मी पाहिलं आहे, आणि वाद घालणाऱ्या बाया त्या मासिकाला हव्याच आहेत. ‘पालकनीती’ १९८७ पासून मुलांच्या वाढीवर, मारण्या-रागावण्यावर, शाळेवर, लैंगिकतेवर न लाजता लिहीत आलं आहे. ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक विज्ञान आणि शिकणं या विषयांवरचं. ज्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग आहेत, तिथे या दोघांचा उपयोग कुठल्याही सरकारी प्रशिक्षणाइतका होईल.

जरा जड वाचायची तयारी असेल तर ‘नवभारत’. हे मासिक १९४७ साली निघालं आणि पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मे. पुं. रेगे यांच्यासारख्यांनी ते सांभाळलं. वाई भोरपासून एक घाट ओलांडला की येते, मराठी विश्वकोशही तिथेच घडला. विचारांच्या नकाशावर आपला सगळ्यात जवळचा शेजारी पुणे नसून वाई आहे, याची जाणीव भोरकरांना क्वचितच असते. समाजशास्त्राच्या अभ्यासकांसाठी ‘समाज प्रबोधन पत्रिका’, चळवळींची खबर ठेवायची तर ‘परिवर्तनाचा वाटसरू’, विवेकवादी चर्चेसाठी नागपुरातून १९९० साली दि. य. देशपांडे यांनी सुरू केलेला ‘आजचा सुधारक’, जो आता इंटरनेटवर वाचायला मिळतो.

या सगळ्यांबद्दल एक तक्रार मात्र स्पष्ट लिहितो. यांतली बहुतेक एकाच गोतावळ्यातली आहेत. समाजवादी, सत्याग्रही, पुरोगामी पुणे. त्यांचे लेखक एकमेकांना ओळखतात, संदर्भ गृहीत धरतात, वाक्यं विद्यापीठाची लिहितात. शेतकऱ्याविषयी कळवळा पुष्कळ, पण भाताचा भाव, मजुरीचा दर, गवारेड्यांनी केलेली नासाडी किंवा मुंबईत माथाडी काम करून गावी परतलेल्या माणसाचं म्हातारपण यांवर आतून लिहिलेला लेख क्वचित सापडतो. म्हणूनच शरद जोशींच्या चळवळीतलं ‘शेतकरी संघटक’ आणि जोशींचे लेख सोबत ठेवावेत असं मी म्हणतो. त्यांचं सगळं पटत नाही, पण समाजवादी मासिकांना जे प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत ते जोशी विचारतात. आणि दलित साहित्याला घर देणाऱ्या गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’चे जुने अंक मिळाले तर सोडू नयेत.

वाचनालयांचं काय? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड अशा वर्गांची गावोगावची ग्रंथालयं अनुदानावर उभी राहिली. ड वर्गाच्या ग्रंथालयाला मिळणारे पैसे वर्तमानपत्रं आणि ग्रंथपालाच्या तुटपुंज्या मानधनात संपतात, आणि मासिकांच्या रकान्यात घरगुती करमणुकीचे अंक भरले जातात. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या भिलारला शासनाने २०१७ साली पुस्तकांचं गाव केलं, तेव्हा भोरमधूनही शाळांच्या सहली गेल्या. चांगलं झालं. पण भिलारला घरातली खोली परगावच्या वाचकासाठी उघडी आहे. इथे ती गावातल्या वाचकासाठी उघडायला हवी.

हाती थोडेच पैसे असतील तर मी असं करेन. ‘साधना’, ‘पालकनीती’ आणि ‘मिळून साऱ्याजणी’ यांच्या वर्गण्या पाच-सहा जणांनी मिळून भराव्यात आणि अंक अभ्यासिकेत ठेवावेत, प्रश्नसंचांच्या शेजारीच, कपाटात नाही. पुस्तकांत आधी गाडगीळ, मग ‘गावगाडा’ आणि ‘बलुतं’ जोडीने, मग बोकीलांचं ‘कातकरी’. फुले फुकट मिळतात, ओव्या फुकट ऐकता येतात.

एवढं वाचून झालं की जे लिहिलं गेलेलं नाही ते आपोआप दिसायला लागतं. भाटघरच्या बुडितातल्या गावांची हकिगत आजोबांकडून ऐकलेली माणसं अजून आहेत. भोरच्या पंत सचिवांच्या संस्थानातली प्रजा रोज कशी जगत होती, हे राजवाड्याच्या वर्णनांत येत नाही. पानशेत फुटल्यावर पुण्यात काय झालं यावर खंडीभर मजकूर आहे, धरणाच्या वर काय झालं यावर जवळपास काही नाही. तोरण्याच्या पायथ्याच्या कोणत्या गावातल्या किती जमिनी गेल्या वीस वर्षांत कोणाच्या नावावर गेल्या, हे तलाठ्याच्या दप्तरात आहे आणि माहितीच्या अधिकारात मिळू शकतं. अभ्यासिकेत तलाठी परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना ते दप्तर कसं वाचायचं हे ठाऊक आहे. त्यांच्यापैकी दोघांनी तीन महिने दिले तर ‘साधना’ला पाठवण्याजोगा लेख तयार होईल.